विंचवाचं बिऱ्हाड: ॲरिझोनाच्या वाळवंटात व्हॅन आणि ट्रेलरमधलं रोजचं जगणं

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि अडखळणं काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये उभे असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रात्री दिवा बंद करून पडल्या पडल्या ऐकत असाल. जिथे असाल तिथे, स्वागत.

एक रील तुम्ही नक्की पाहिलंय. व्हॅनचं मागचं दार उघडतं. समोर वाळवंट, केशरी आकाश, पांढऱ्या चादरीवर कॉफीचा मग आणि कुणाचे तरी पाय. खाली लिहिलेलं असतं की नोकरी सोडली, भाडं नाही, बॉस नाही, फ्री. आपण हॉस्टेलच्या खोलीत नाहीतर वन आरके मध्ये बसून ते बघतो आणि मनात म्हणतो, यार, हे पाहिजे.

मी फिनिक्सला राहते. गेल्या हिवाळ्यात मी मैत्रिणीची जुनी व्हॅन घेऊन ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट नावाच्या गावाबाहेर सहा आठवडे राहिले. काम लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे ते जमलं. आज त्या रीलमध्ये जे दिसत नाही त्याबद्दल बोलूया. म्हणजे पाणी कुठून येतं, वीज कुठून येते, संडासचं काय करतात, आणि मुख्य म्हणजे तिथे राहणारी माणसं कोण आहेत. आपल्याकडे म्हण आहे ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जगायचं तर काय काय करावं लागतं, ते ऐका.

जागा: फुकट, पण किती दिवस?

आधी भूगोल. क्वार्टझाइट हे फिनिक्सच्या पश्चिमेला दोनेक तासांवर आहे, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ. गाव छोटं, २०२० च्या जनगणनेत वस्ती अडीच हजारांच्याही आत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रस्ते ओस पडतात. पण नोव्हेंबरपासून चित्र बदलतं. कॅनडातून, मिनेसोटातून, मोंटानातून, जिथे जिथे बर्फ पडतं तिथून व्हॅन, ट्रेलर, बसेस यायला लागतात. जानेवारीत दगड-रत्नांचे बाजार भरतात, मोठ्या तंबूत आरव्हीचं प्रदर्शन लागतं. तेव्हा गावाभोवतीच्या माळावर जिकडे बघाल तिकडे पांढरे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणाचं तरी घर.

हे शक्य होतं कारण ती जमीन सरकारी आहे. अमेरिकेत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं खातं आहे, सगळे त्याला बीएलएम म्हणतात. त्याच्या ताब्यात सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून जास्त! त्यातल्या बऱ्याच जागी कुणीही जाऊन गाडी लावून राहू शकतं, फुकट.

पण फुकटला एक अट आहे. क्वार्टझाइटच्या आसपास एका जागी १४ दिवस राहता येतं. मग तिथून निदान २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर लांब जायचं. तुम्ही पर्यटक असाल तर १४ दिवस भरपूर झाले. पण ती गाडीच तुमचं घर असेल तर? दर दोन आठवड्यांनी घर उचला, पेट्रोल जाळा, नवीन जागा शोधा.

म्हणून १९८३ पासून बीएलएमने काही भाग हिवाळी मुक्कामासाठी वेगळे ठेवलेत. क्वार्टझाइटच्या दक्षिणेला ‘ला पोसा’ नावाचा असा मोठा भाग आहे, ११ हजार एकरांहून जास्त. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सीझन. मी गेले तेव्हा पूर्ण सात महिन्यांचा परवाना १८० डॉलर होता आणि १४ दिवसांचा ४० डॉलर. मी १४-१४ दिवसांचे तीन घेतले. त्यात पाणी भरायची सोय, मैला ओतायची सोय आणि कचऱ्याचे डबे आले. वीज नाही, आखलेले प्लॉट नाहीत. दुसऱ्याच्या गाडीपासून किमान १५ फूट अंतर ठेवायचं, एवढंच. प्रत्यक्षात लोक त्याहून कितीतरी लांब लावतात.

आता गंमत बघा. १४ दिवस फुकट राहता येतं आणि एका जागी थांबायचे पैसे पडतात. म्हणजे जमिनीचे पैसे नाहीतच. स्वस्थ बसता येण्याचे पैसे आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाणी: माणशी दहा लिटर

माझ्याकडे २६ लिटरचे दोन कॅन होते. ५२ लिटर पाणी मला साधारण साडेपाच दिवस पुरायचं. दिवसाला साडेनऊ लिटर. प्यायला चार, कारण हिवाळा असला तरी हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. स्वयंपाकाला दोन. भांड्यांना एक. उरलेल्यात तोंड धुणं आणि अंग पुसणं.

तुलनेसाठी सांगते, आपल्याकडे शहरांसाठी पाणीपुरवठ्याचा जो सरकारी मापदंड आहे तो माणशी रोज १३५ लिटरचा. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली आहे, हंडे रांगेत लावलेत, त्यांना साडेनऊ लिटर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. ते ऐकून म्हणतील, त्यात काय एवढं. पण ज्याने कायम नळच बघितलाय त्याचं पहिल्या आठवड्यात डोकं फिरतं.

भांडी धुवायची एक पद्धत तिथे सगळेच वापरतात. ताट आधी कागदाने स्वच्छ पुसायचं, मग फवारणीच्या बाटलीने पाणी मारायचं, परत पुसायचं. एका माणसाच्या जेवणाची भांडी अर्ध्या लिटरमध्ये होतात. मी शेकोटीची राख वापरायचे. आजी घासायची तशी. बाजूचे लोक कुतूहलाने बघायला यायचे.

आणि आपला कुकर! मंडळी, वाळवंटात कुकरसारखी वस्तू नाही. गॅस कमी, पाणी कमी, वाफ आतल्या आत. एका शेगडीवर मुगाची खिचडी, पिठलं-भात, उसळ, सगळं व्हायचं. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा दोन गाड्या सोडून राहणारे काका धावत आले. त्यांना वाटलं काहीतरी फुटलं. त्यानंतर खिचडी खायला तेच पहिले यायचे.

आंघोळ? गावात लॉन्ड्रीमध्ये पैसे देऊन शॉवर मिळतो. आठवड्यातून एकदा कपडे आणि आंघोळ एकाच फेरीत. बाकी दिवस ओल्या फडक्यावर.

जे आत येतं ते बाहेर न्यावं लागतं

हा भाग रीलमध्ये कधीच नसतो. जेवत असाल तर दोन मिनिटं पुढे ढकला.

नियम असा की गाडीला निदान दहा गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लिटरची कायम बसवलेली सांडपाण्याची टाकी हवी. ती नसेल तर सार्वजनिक संडासापासून ५०० फुटांच्या आत मुक्काम करायचा. माझ्या व्हॅनला टाकी नव्हती, म्हणून मी संडासाच्या जवळच्या वस्तीत होते. आमचा चाळीचा कोपरा म्हणा.

ट्रेलरवाल्यांकडे दोन टाक्या असतात. बेसिन आणि शॉवरचं पाणी एका टाकीत, त्याला ग्रे म्हणतात. संडासचं दुसरीत, ती ब्लॅक. टाकी भरली की घर उचलून डंप स्टेशनवर जायचं आणि जाडा पाइप लावून रिकामी करायची. कुणी चाकांची छोटी टाकी आणतात, त्यात ओतून ती ओढत नेतात. आणि ज्यांना हे काहीच नको असतं ते पैसे देऊन मैला उपसणारी गाडी बोलावतात. त्या गाडीला तिथे नाव आहे ‘हनी वॅगन’. मधाची गाडी! ज्याने हे नाव ठेवलं त्याला दंडवत.

हसू येतं, पण यातून एक गोष्ट अंगात मुरते. शहरात आपण फ्लश करतो आणि विषय संपतो. तिथे विषय संपत नाही. तो तुमच्या पलंगाखाली टाकीत असतो, आणि टाकी किती भरली हे तुम्हाला रोज ठाऊक असतं.

वीज: सूर्य डोक्यावर येत नाही

वाळवंट म्हणजे ऊनच ऊन, मग सोलरची काय चिंता, असं कुणालाही वाटेल. पण जानेवारीत तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४-३५ अंश वर येतो. पॅनेल छतावर आडवं ठेवलं तर ऊन तिरकं पडतं आणि वीज कमी बनते.

माझा हिशेब सांगते. १०० वॉटची दोन पॅनेल. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ३५० वॉट-तास खायचा. लॅपटॉप २५०. इंटरनेट १५०. दिवे, फोन, पंखा मिळून ५०. एकूण ८००. पॅनेल आडवी ठेवली तर ५५० च्या आसपास वीज मिळायची. दक्षिणेकडे तोंड करून उभी तिरकी केली की ८०० च्या पुढे. म्हणजे पॅनेल तिरकं केलं की लॅपटॉपचा खर्च निघाला. बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियमची. पूर्ण भरली की सुमारे १२८० वॉट-तास. ढगाळ दोन दिवस आले की लॅपटॉप घेऊन गावच्या लायब्ररीत.

त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिलं काम इन्स्टा उघडणं नाही, बॅटरीचा आकडा बघणं. आपल्याकडे आजोबा उठल्या उठल्या आभाळाकडे बघायचे ना, तसं.

आणि थंडी! वाळवंट म्हटलं की आपल्याला गरम आठवतं. तिथे जानेवारीत दुपारी वीस अंश छान ऊन आणि पहाटे पाचच्या खाली. कधी कधी गोठणबिंदूपर्यंत. पत्र्याच्या डब्यात ते हाडांत शिरतं. काचांना चकचकीत इन्सुलेशन लावायचं, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्यायची. गॅसचा हीटर लावायचा तर खिडकी थोडी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू. यात तडजोड नाही. बंद गाडीत हा वायू वास न देता माणूस मारतो.

व्हॅन की ट्रेलर?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. सोपं उत्तर असं की व्हॅनमध्ये घर आणि इंजिन एकच. निघायचं म्हटलं की दोन मिनिटांत निघता येतं. रात्री काही खटकलं तर बाहेर पाय न ठेवता पुढच्या सीटवर जाऊन गाडी सुरू. म्हणूनच एकट्या राहणाऱ्या बायका खूप वेळा व्हॅन निवडतात आणि गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे ठेवतात.

ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. पिकअप किंवा मोठी गाडी त्याला ओढते. फायदा असा की एकदा ट्रेलर लावला, चाकांना अडण लावली, खाली टेकू दिले, की गाडी मोकळी. पाणी आणायला, बाजाराला, डॉक्टरकडे गाडी घेऊन जा, घर जागेवर. जागाही जास्त, उभं राहता येतं, खरी मोरी असते. तोटा असा की ओढणारी गाडी बिघडली की घर लंगडं होतं.

दोघांनाही सारखं छळणारा प्राणी म्हणजे वाळवंटातला उंदीर, पॅकरॅट. तो इंजिनात घर करतो आणि वायरी कुरतडतो. म्हणून रात्री फिरलात तर गंमत दिसते. ओळीने गाड्यांची बॉनेटं उघडी आणि गाड्यांखाली दिव्यांच्या माळा, दिवाळीसारख्या. उजेड आणि उघडी हवा उंदराला आवडत नाही. खरे विंचू हिवाळ्यात दडून असतात, तरी बूट झटकूनच घालायचे.

आणि कोरड्या ओढ्यात गाडी लावायची नाही. त्याला तिथे ‘वॉश’ म्हणतात. सपाट, मऊ वाळू, झाडांची सावली, एकदम मस्त जागा वाटते. पण पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो.

एक दिवस

सहा-साडेसहाला उजाडतं. सहापर्यंत जनरेटर बंद ठेवायचा नियम असतो, रात्री दहापासून. त्यामुळे पहाट एकदम शांत. लांबून कोल्ह्यासारखी कुई ऐकू येते, ते कायोटी. चहा. पॅनेलं फिरवायची. आठ ते दुपारी दोन माझं काम. मग पाणी, नाहीतर पोस्ट ऑफिस, नाहीतर काहीतरी दुरुस्ती. काहीतरी कायम मोडलेलं असतंच. पाण्याचा पंप, दाराची कडी, वाऱ्याने फाडलेला छताचा पडदा. वाळवंटातला वारा वाईट. पडदा उघडा ठेवून गावात गेलेल्या माणसाचा पडदा परत आल्यावर शेजाऱ्याकडे सापडतो.

सूर्य मावळला की कुठेतरी शेकोटी पेटते. आपली खुर्ची आपण घेऊन जायची. कुणाचं दार बंद आणि पडदा ओढलेला असेल तर ठोठावायचं नाही. एवढे दोन अलिखित नियम पाळले की तुम्ही तिथले झालात.

गावात एक थडगं आहे, ते आवर्जून बघा. दगडांचा छोटा पिरॅमिड आणि वर धातूचा उंट. अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहायला उंट आणून बघितले होते. त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्यांपैकी एक हाजी अली. स्थानिकांना नाव उच्चारता येईना, त्याचं झालं ‘हाय जॉली’. उंटांचा प्रयोग बारगळला, तो मात्र इथेच राहिला. १९०२ मध्ये वारला. म्हणजे या गावाचा सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी हाच मुळी दुसऱ्या देशातून आलेला, ओझी वाहणाऱ्यांबरोबर फिरणारा माणूस. शोभतं ना गावाला?

शेकोटीभोवती कोण?

आता मुख्य गोष्ट. रील बघून मला वाटलं असतं की तिथे पंचविशीतले लोक भेटतील. भेटले, पण हातावर मोजण्याएवढे. बहुतेक जण साठीच्या पुढचे. त्यातले काही खरोखर सुखवस्तू. घर कॅनडात, आणि हिवाळ्यापुरती प्रचंड बस, आत फायरप्लेस! आणि काहींचं दुसरं घर कुठेच नाही.

जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं, ते याच लोकांबद्दल. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात फ्रान्सिस मॅकडॉरमंड सोडली तर बरेच जण खरेखुरे भटके आहेत, स्वतःच्याच भूमिकेत. बॉब वेल्स नावाचे दाढीवाले गृहस्थ त्यात दिसतात. ते १९९५ पासून गाडीत राहू लागले आणि आता इतरांना यूट्यूबवर शिकवतात. क्वार्टझाइटच्या वाळवंटात त्यांनी सुरू केलेला मेळावा भरायचा. गाडीत झोपायचं कसं, स्वस्तात सोलर कसं बसवायचं, हे नवख्यांना शिकवणारा. बायकांसाठी वेगळा मेळावा, कारण त्यांचे प्रश्न वेगळे.

माझ्या शेजारी सोळा फुटी जुन्या ट्रेलरमध्ये एक बाई राहायच्या, वय एकाहत्तर. तिकडे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात. मीही मारायचे, पण मनात मात्र मी त्यांना मावशीच म्हणायचे. तुम्हालाही मावशी म्हणूनच सांगते.

मावशींनी आयुष्यभर एका दुकानात हिशेब लिहिले. निवृत्तीनंतर महिन्याला सोशल सिक्युरिटीचे साधारण बाराशे डॉलर. घराचं भाडं साडेसातशेवरून साडेनऊशे झालं. त्या हिशेबनीस, त्यांनी वहीत मांडलं. अडीचशेत औषधं, खाणं, विमा, पेट्रोल बसत नव्हतं. भाडं काढून टाकलं तर सगळं बसत होतं. म्हणून त्यांनी भाडं काढून टाकलं. इतकं साधं. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी सहा आठवड्यांत ऐकला नाही.

पण त्या दुःखी होत्या असंही समजू नका. मला हे सांगायला जरा अवघड जातं, कारण आपल्याला एकच रंग हवा असतो. एकतर ‘वा, काय मस्त जगणं’, नाहीतर ‘अरेरे, बिचाऱ्या’. मावशी पहाटे खुर्ची टाकून डोंगरावर उजेड उतरताना बघायच्या आणि म्हणायच्या की हे मला त्या फ्लॅटमध्ये नव्हतं. आणि त्याच मावशी दाढ दुखते म्हणून महिनाभर एका बाजूने चावत होत्या.

दाढेचं पुढे काय झालं? दक्षिणेला युमाजवळ हद्द ओलांडली की मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेस नावाचं छोटं गाव आहे. तिथे इतके डेंटिस्ट आहेत की गावाला गमतीने ‘मोलर सिटी’ म्हणतात, दाढांचं शहर. हिवाळ्यात अमेरिकन म्हातारी माणसं पायी हद्द ओलांडून तिथे दात, चष्मे, औषधं करून येतात, कारण आपल्या देशात परवडत नाही. तिघीजणी मिळून एका गाडीत गेल्या, पेट्रोल वाटून घेतलं.

पत्ता काय लिहायचा?

आणखी एक अडचण, जी मला आधी सुचलीच नसती. फॉर्मवर ‘पत्ता’ या रकान्यात काय लिहायचं? लायसन्स, बँक, विमा, टपाल, सगळ्याला पत्ता लागतो. गावच्या पोस्टात ‘जनरल डिलिव्हरी’ असते. तुमच्या नावाने आलेलं टपाल पोस्ट ठेवून घेतं, ओळखपत्र दाखवून घेऊन जायचं. हिवाळ्यात त्याची ही रांग लागते. पण लायसन्ससाठी ते चालत नाही.

त्यासाठी लोक साउथ डकोटा राज्यात जातात. तिथे एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता, एवढ्यावर रहिवासी म्हणून लायसन्स मिळतं. म्हणजे वाळवंटात भेटलेल्या कितीतरी लोकांचं कागदावरचं घर दीड-दोन हजार किलोमीटर लांब एका पेटीत आहे. आपल्याकडे रेशनकार्डासाठी, आधारवर पत्ता बदलण्यासाठी भाड्याच्या खोलीतल्या पोरांची काय पळापळ होते ते तुम्हाला माहीत आहे. तीच गोष्ट, फक्त घराला चाकं आहेत.

मार्चमधला ट्रक

आता ‘स्वस्थ बसण्याचे पैसे’ हा मुद्दा परत घेते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मावशींचा पिकअप पाणी गळायला लागला. रेडिएटरमध्ये ओतलेलं खाली वाळूत. इंजिन तापायचं. पाण्याचा पंप गेला होता.

शहरात गाडी बिघडली तर आपण रिक्षाने जातो. इथे १५ एप्रिलला सीझन संपतो. त्यानंतर १४ दिवसांचा नियम लागू, आणि त्याहून वाईट म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पत्र्याच्या ट्रेलरमध्ये एसी नसताना माणूस राहू शकत नाही. सगळे वर डोंगराकडे सरकतात. क्वार्टझाइट समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरवर, फ्लॅगस्टाफ एकवीसशेवर. शंभर मीटर चढलं की साधारण अर्धा-पाऊण अंश गार. एवढ्या उंचीला बारा अंशांचा फरक. वाळवंटात राहणाऱ्यांचा एसी म्हणजे चढ.

म्हणजे ट्रक दुरुस्त झाला नाही तर मावशी पाच आठवड्यांनी अशा जागी अडकणार, जिथे थांबायची परवानगीही नाही आणि जगण्यासारखी हवाही नाही. गावात दवाखाना आहे पण हॉस्पिटल नाही. ते पार्करला. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा त्यांच्या महिन्याच्या चेकच्या निम्म्याहून जास्त होता.

कुकरच्या शिट्टीला धावत आलेले काका आठवतात? ते निवृत्त डिझेल मेकॅनिक निघाले. त्यांनी पार्टचा नंबर कागदावर लिहून दिला. मी ब्लाइथहून पंप, गॅस्केट आणि कूलंट घेऊन आले. सगळं मिळून शंभर डॉलरच्या आत. दोन सकाळी काम चाललं. काकांचे हात थरथरायचे, त्यामुळे ते खुर्चीत बसून सांगायचे आणि पलीकडच्या व्हॅनमधला एक पंचविशीतला मुलगा करायचा. हो, रीलवाला. तो खरंच रील बनवायचा. त्या दोन दिवसांत त्याने कॅमेरा बाहेर काढला नाही.

मावशींनी सगळ्यांचे पैसे वहीत लिहिले, आणि पुढच्या चेकला प्रत्येकाचे मोजून परत केले. नको म्हटलं तरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या उत्तरेला गेल्या. काकांनी मागचे दिवे लागतात का ते बघितलं आणि हात दाखवला. कुणी ‘परत कधी भेटू’ विचारलं नाही. तिकडे तसं विचारत नाहीत. ‘रस्त्यावर भेटू’ म्हणतात.

मग, करायचं का?

मला बरेच जण मेसेज करतात की ताई, मलाही व्हॅनलाइफ करायचंय. जरूर करा. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, म्हणजे इथेही हळूहळू सोयी होतील. पण सुट्टीसाठी व्हॅनमध्ये राहणं आणि घर परवडत नाही म्हणून राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळावर शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि फोटोत अगदी सारख्या दिसतात. माझ्याकडे फिनिक्सला परतायला फ्लॅट होता. मावशींकडे पुढचा डोंगर होता. पहाटेचा उजेड मात्र दोघींना एकच मिळायचा.

तिथून काय घेऊन आले म्हणाल, तर मोजायची सवय. म्हणून या आठवड्यात तुमच्यासाठी एक काम. एक दिवस निवडा. सकाळी दहा लिटर पाणी बादलीत भरून बाजूला ठेवा आणि पिणं, चहा, भांडी, तोंड धुणं, सगळं त्यातूनच करा. फ्लश सोडून, तेवढी सवलत! किती वाजता संपलं ते मला लिहून पाठवा. आणि ज्यांच्या घरी रोजच दहा लिटरमध्ये भागवावं लागतं त्यांनी ते कसं जमवतात ते लिहा. पुढच्या भागात तुमचीच उत्तरं वाचणार आहे.

तोपर्यंत पाणी प्या, बूट झटकून घाला, आणि काळजी घ्या. भेटूया, रस्त्यावर!